कोलाडला पाणी फोन आला की येतं

राफ्टिंग, झिपलाइन, कयाकिंग, रॅपलिंग, बर्मा ब्रिज, रिव्हर क्रॉसिंग, रायफल शूटिंग आणि वर रेन डान्स, हे सगळं एका दिवसात, नाश्ता-जेवण-चहा धरून. मला फक्त भाच्याचा मेसेज आला, "मावशी, रविवारी कोलाड, पहाटे साडेचारला रेडी राहा." त्याची परीक्षा नुकतीच संपलेली, बरोबर कॉलेजचे मित्रमैत्रिणी, आणि कुणीतरी मोठं माणूस सोबत असेल तरच घरून परवानगी. मोठं माणूस म्हणून माझीच निवड का झाली यावर फार विचार करायची गरज नाही, सात सीटची गाडी माझ्याकडे आहे.

पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, सुतारवाडी असा रस्ता. पोरं मागे झोपलेली, मुळशीचा तलाव अंधारातच गेला, पावसाळ्यात जिथे गाडी पुढे सरकत नाही त्या ताम्हिणीत आमच्याशिवाय दोन दूधवाले आणि एक एसटी. पोहोचलो, पोहे खाल्ले, कागदावर सह्या केल्या. त्या कागदात काय लिहिलं होतं ते कुणीच वाचलं नाही, तिथे कुणीच वाचत नाही, इंग्रजीत बारीक अक्षरात दोन पानं आणि खाली 'मला काही झालं तर मीच जबाबदार' अशा अर्थाचं काहीतरी. मग जीपमध्ये कोंबून साजे गावाच्या बाजूला नदीवर.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

काठावर दहा-बारा राफ्ट पडलेले, शंभरएक माणसं लाइफ जॅकेट आवळून, हेल्मेट घालून (माझ्या हेल्मेटला आधीच्या दहा डोक्यांचा वास होता) हातात पॅडल घेऊन उभी, आणि समोर नुसते दगड. मोठमोठे काळे दगड, मधेमधे साचलेलं हिरवं पाणी, त्यात शेळ्या तोंड घालतायत. मला वाटलं अजून पुढे चालत जायचंय. तर नाही, हीच कुंडलिका, इथूनच सुरू, बारा-तेरा किलोमीटर खाली कामत गावापर्यंत जायचं. कशावरून जायचं हा प्रश्न माझ्या चेहऱ्यावर दिसला असणार, कारण आमचा गाइड स्वतःहूनच म्हणाला, "ताई, पाणी यायचंय अजून. फोन आला की सुटेल."

फोन आला की. मला आधी चेष्टा वाटली.

पण खरंच तसंच आहे आणि ते मला इतकं भारी वाटलं की परत आल्यापासून दिसेल त्याला सांगतेय. कोलाडचं राफ्टिंग भर मे महिन्यात चालतं ते पावसाच्या जिवावर नाही, विजेच्या. मुळशीचं धरण मुळा नदीवर. मुळा तिच्या मनाने वागली असती तर पुण्यात येऊन मुठेला मिळून भीमा, मग कृष्णा करत थेट बंगालच्या उपसागरात गेली असती. टाटांनी तिथे धरण बांधलं, पाणी पश्चिमेला वळवलं आणि सह्याद्रीच्या कड्यावरून पाइपातून जवळजवळ पाचशे मीटर खाली भिऱ्याला सोडलं, १९२७ पासून तिथे वीज होते आणि ती मुंबईला जाते. वीज करून झाली की ते पाणी रवाळज्याला पुन्हा अडवतात, तिथे पुन्हा वीज, आणि मग उरलेलं, म्हणजे अक्षरशः दोनदा वापरून झालेलं पाणी कुंडलिकेत, रोह्यावरून रेवदंड्याला अरबी समुद्रात. म्हणजे आम्ही पुण्याहून ज्या डोंगराला वळसे घालत उतरलो त्याच डोंगरातून ते सरळ उतरलं होतं आणि आमच्याआधी पोहोचायला हवं होतं, पण लेट होतं.

आणि हे पाणी साठवायला ज्यांची गावं गेली त्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला होता, सेनापती बापट त्याचे पुढारी. सेनापती ही पदवी लोकांनी त्यांना मुळशीमुळेच दिली. शाळेत हे एका ओळीत होतं आणि परीक्षेला 'जोड्या लावा'मध्ये यायचं. हेल्मेट घालून त्या पाण्याची वाट बघत उभं राहीपर्यंत मी त्याचा परत कधी विचार केल्याचं मला आठवत नाही. भाच्याला सांगायला गेले तर तो म्हणाला, "हो मावशी, पण ग्रेड थ्री असेल ना?" ग्रेड म्हणजे नदीचं उसळतं पाणी किती अवघड आहे त्याचा आकडा.

तर आम्ही उभे. साडेनऊ झाले, दहा झाले. कोलाड-भिरा पट्ट्यातलं ऊन म्हणजे काय ते मी सांगायला नको, २०१७ च्या मार्चमध्ये भिऱ्याला ४६.५ तापमानाची नोंद झाली होती आणि मग ते यंत्र बरोबर होतं का यावर चर्चा. त्या दिवशी यंत्राची गरज नव्हती. जॅकेटच्या आत घामाच्या धारा, पोरं आधी सेल्फी काढत होती, मग तेही बंद झालं. आमच्या बाजूला मुंबईहून आलेला एक ऑफिसचा ग्रुप, ते बिचारे मुंबई-गोवा हायवेने आलेले म्हणजे आधीच वैतागलेले (चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, जास्त बोलत नाही). त्यांच्यातला एक साहेब टाइप माणूस गाइडला म्हणाला, "अरे, आम्ही फुल पेमेंट केलंय, पाणी कधी येणार?" गाइड अगदी शांतपणे, "सर, तुमच्याकडं एसी लागले की आमच्याकडं पाणी. आज रविवार, ऑफिसं बंद. जरा उशीर होतो." साहेबाला राग यावा की हसू, ते कळेना. मला मात्र तो पोरगा तिथल्या तिथे आवडला.

त्या मोकळ्या वेळात त्याने ब्रीफिंग केलं आणि ते मी आजवर ऐकलेलं सगळ्यात चांगलं मराठी-हिंदी मिक्स भाषण. राफ्टमधून पडलात तर पहिली गोष्ट, उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाणी गुडघाभर असलं तरी नाही. पाय दोन दगडांच्या फटीत अडकतो, मागून पाणी माणसाला पुढे लोटतं, तोंड पाण्यात जातं आणि माणूस गुडघाभर पाण्यात बुडून मरतो. पडलं की उताणं व्हायचं, पाय वर, प्रवाहाच्या दिशेने, "पायाची बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत, नेलपॉलिश चेक करा." दगड आला तर तो पायाने ढकलायचा, डोक्याने नाही. पॅडलचं वरचं टोक कधीही सोडायचं नाही, कारण रॅपिडमध्ये, म्हणजे जिथे पाणी दगडांवरून उसळत पळतं तिथे, पाण्याने जेवढे दात पडत नाहीत तेवढे शेजारच्याच्या पॅडलने पडतात. नदीवर पोहता येण्यापेक्षा घाबरून उभं न राहणं जास्त कामाचं, असं त्याचं म्हणणं. पावसाळ्यात गंगेवरचं राफ्टिंग बंद असतं तेव्हा ऋषिकेशची पोरं इकडे कामाला येतात, त्यांच्याकडून हा शिकला, मग उलट तिकडे जाऊन सीझन करून आला. घर इथलंच, नदीपासून चालत पाच मिनिटं.

मग त्याचा फोन वाजला. तो फक्त "हा" म्हणाला आणि ठेवला.

मला वाटलं होतं सिनेमात येतं तसं धाडधाड पाणी येईल. काहीच आलं नाही. पलीकडच्या काठाला एक बाई कपडे धूत होती, तिने मान वर न करता धुतलेल्या कपड्यांची बादली उचलून दोन दगड वर ठेवली, पिळे वर ठेवले, साबण वर ठेवला, स्वतः एक दगड वर सरकली आणि पुन्हा धुवायला लागली. तिला कुणी फोन केला नव्हता. मी तिच्याकडेच बघत राहिले त्यामुळे पाणी कधी आलं ते मला कळलंच नाही. आधी दगडांवर ओली रेघ चढली, मग शेळ्या बाजूला झाल्या, पाला, फेस, थर्मोकोलची एक प्लेट, एक निळी चप्पल असं सगळं वाहत आलं, ती हिरवी डबकी एकमेकांना मिळाली आणि मग कधीतरी आवाज सुरू झाला, आधी लांब चाललेल्या गिरणीसारखा, मग शेजारच्याशी ओरडून बोलावं लागेल एवढा. पंधरा मिनिटांत तिथे नदी होती. दगड गेले कुठे, तर खाली, आणि जिथे मोठा दगड तिथे वर पांढरं उसळतंय. त्या बाईचा मघाचा दगड पाण्याखाली गेलेला, ती आताच्या दगडावर आरामात. मला अंगावर काटा आला, राफ्टमध्ये बसायच्या आधीच. दिवसभरात जो काय थ्रिल म्हणतात तो मला तिथे मिळाला आणि तो पॅकेजमध्ये लिहिलेला नव्हता.

राफ्टिंग मस्तच झालं. पाणी गार, इतकं गार की पहिली लाट तोंडावर आली तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते भाच्याने आयुष्यात माझ्याकडून ऐकलं नव्हतं. कोलाडच्या रॅपिड दोन-तीन ग्रेडच्या, सहापैकी, त्यामुळे यूट्यूबवर अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं राफ्टिंग बघून आलेल्यांनी अपेक्षा जरा खाली आणावी, पण राफ्टच्या पुढच्या टोकाला बसलात तर तीनसुद्धा पुरेशी आहे. समोर पाण्याचा खड्डा दिसतो, राफ्ट नाकाने त्यात जातो, पुढे भिंत, आणि मागून "फॉरवर्ड! फॉरवर्ड! जोर लावा, ताई, जोर!" पॅडल बऱ्याचदा हवेतच मारलं जातं. लोकांना वाटतं आपण नुसतं धरून बसायचं, पण राफ्टला वेग नसला तर लाट त्याला आडवा करते, म्हणून जिथे सगळ्यात जास्त भीती वाटते नेमकं तिथेच वल्हवायचं असतं. आमच्यातलं कुणीही पडलं नाही. पोरं यावर नाराज.

मध्ये एक संथ पट्टा येतो तिथे त्याने सगळ्यांना पाण्यात उतरवलं. दोरी धरून उताणं तरंगायचं. दोन्ही काठांना झाडी, वर आभाळ, कानात पाणी असल्यामुळे पोरांचा आरडाओरडा एकदम म्यूट. मी परत राफ्टमध्ये यायलाच तयार नव्हते. शेवटी त्याने जॅकेटचे खांदे धरून मला वर खेचलं, मी आत तोंडावर पडले आणि तशीच हसत राहिले.

इथे दिवस संपायला हवा होता. पण पॅकेज.

झिपलाइनला, म्हणजे तारेला लटकून घसरत जायला, पाऊण तास रांग आणि त्यानंतर अर्धा मिनिटसुद्धा नाही. नदीवरून जाते म्हणून ठीक, पण उन्हात हार्नेस घालून उभं राहण्याची शिक्षा कशासाठी ते कळत नाही. रॅपलिंग कशावरून, तर लोखंडी टॉवरवरून! ज्या जिल्ह्यात जाल तिकडे कातळ, कडे, धबधबे, तिथे सिमेंट-लोखंडाचा टॉवर बांधून त्यावरून दोरीने उतरवतात. सेफ्टीसाठी असेल, मान्य, पण मग मोबाइलचा टॉवर काय वाईट. बर्मा ब्रिजवर, म्हणजे दोरांच्या झुलत्या पुलावर, एक काका मधोमध अडकले आणि सगळी रांग त्यांना सल्ले देत बसली. रायफल शूटिंग म्हणजे जत्रेतले फुगे. कयाकिंग मात्र आवडलं, एकटीने, साचलेल्या पाण्यात, कुणी कमांड देत नाही, मी मुद्दाम लांबच्या काठाला जाऊन बसले तर लगेच शिट्टी वाजली, पुढची बॅच उभी आहे.

जेवणाबद्दल न बोललेलं बरं, पण बोलतेच. रायगड जिल्हा, नदी-खाडी-समुद्र सगळं हाताशी, आणि 'अनलिमिटेड' बुफेत पनीर मखनी, व्हेज मंचुरियन आणि गुलाबजाम. तांदळाची भाकरी नाही, मासा नाही, सुक्या जवळ्याची चटणीसुद्धा नाही. वाढणाऱ्या मावशींना हळूच विचारलं, तुम्ही काय जेवलात, तर म्हणाल्या आम्ही घरून डबा आणतो. भाकरी आणि बांगडा होता त्यांच्या डब्यात, त्यांनी दिलाही असता, मलाच लाज वाटली मागायची.

रेन डान्सला मी गेले नाही. सकाळी ज्या पाण्यासाठी शंभर माणसं दोन तास उन्हात उभी होती, दुपारी तेच पाइपला भोकं पाडून डीजेच्या तालावर उडवतायत हे बघून माझा मूड गेला. पोरं गेली, नाचली, त्यांना म्हातारी मावशी कुठे बसलीय याची फिकीर नव्हती आणि ते बरोबरच आहे.

कुणी जाणार असाल तर माझं ऐका, नुसतं राफ्टिंग बुक करा. बाकीचं काही नको, 'फक्त चारशे रुपयांत सहा ॲक्टिव्हिटी ॲड करा' म्हणतात तेव्हा हो म्हणू नका, ते चारशे रुपये तुम्ही रांगेत उभं राहायचे देताय. आदल्या दिवशी फोन करून उद्या पाणी किती वाजता सोडणार ते विचारा, नक्की सांगणार नाहीत, तरी विचारा. चष्म्याला दोरी बांधा. चप्पल बांधायची घाला, नाहीतर निळी चप्पल कुणाची हे मला आता माहितीये. आणि वेळेच्या आधी काठावर जाऊन थांबा, पाणी येताना बघायला. राफ्टिंग कंपन्या हे दाखवायचे वेगळे पैसे घेत नाहीत, अजून त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

व्हिडिओचे मात्र वेगळे आठशे घेतले. तो दोन दिवसांनी आला, भाच्याने फॅमिली ग्रुपवर टाकला, त्यात मी पहिल्या लाटेला तोंड वासून जे बोललेय ते म्यूट करायचं त्याला सुचलं नाही. आईने तो व्हिडिओ आत्तापर्यंत निदान पाच जणांना फॉरवर्ड केलाय. भाचा आता ऋषिकेशचं बंजी बघतोय, पायाला लवचिक दोरी बांधून उडी, त्र्याऐंशी मीटर. गाडीने जाणार नाही, एवढंच मी सांगितलंय.