गंधार बेसूर नव्हता

गेल्या महिन्यात मावशीच्या आवाजात भूप रागातला एक अभंग घरीच रेकॉर्ड केला. स्टुडिओ म्हणजे आमची निजायची खोली: पंखा बंद, खिडकीवर दोन गोधड्या आणि मावशीच्या पाठीमागे साड्यांचे उघडे कपाट, कारण तिच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाजच माइकमध्ये सर्वाधिक शिरतो. माइक तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित तिरका ठेवला होता. भ, फ यांसारख्या महाप्राण अक्षरांबरोबर सुटणारा हवेचा झोत थेट आदळला, तर उमटणारा धक्का पुढे पूर्णपणे काढता येत नाही. रेकॉर्डिंगची लेव्हल मुद्दाम कमी ठेवली, २४ बिटच्या बारीक मोजणीत हळू आवाजही नीट टिपला जातो, म्हणून तेवढी मोकळीक असते. हेडफोनचा एक कान मात्र मावशीने बाजूला सारला. “माझा मलाच सूर ऐकू आला नाही, तर गाऊ कशी?”

चूक मिक्सिंगच्या वेळी झाली, आणि ती माझी होती. पिच करेक्शनच्या, म्हणजे सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर मावशीचा गंधार (‘ग’ हा स्वर) जवळजवळ प्रत्येक वेळी रेषेच्या थोडा खाली दिसत होता, म्हणून मी तो उचलून रेषेवर बसवला. फाइल ऐकताच ती म्हणाली, “हा गंधार पेटीचा आहे, माझा नाही.”

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तानपुऱ्याच्या खर्जातून, म्हणजे सर्वांत खालच्या ‘सा’च्या तारेतून, जो स्वयंभू (न छेडता आपोआप उमटणारा) गंधार ऐकू येतो, त्याची कंपनसंख्या खर्जाच्या पाचपट असते, आणि मावशी आपला सूर त्याच्याशी मिळवत होती. सॉफ्टवेअरच्या रेषा मात्र पेटीप्रमाणे सप्तकाचे बारा समान भाग करून आखलेल्या असतात. त्यातला गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो, आणि सेंट म्हणजे पेटीच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण मावशीच्या काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा ‘सा’) ‘सुधारलेला’ गंधार तानपुऱ्यावर ठेवला की दोन सूर एकमेकांवर घासून आवाजात सेकंदाला चारेक हेलकावे येतात. हेडफोनवर मला ते जाणवत होते, पण दोष मी तानपुऱ्याच्या ट्रॅकला देत बसलो होतो!

सगळे गंधार पूर्ववत केले. मोठा आवाज दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला तीन-चार डेसिबलपेक्षा जास्त दाबू दिले नाही आणि मुरक्यांमधले (झटपट घेतलेल्या छोट्या स्वरगुच्छांमधले) हलके स्वर हाताने व्हॉल्यूम वाढवून वर आणले. अंतऱ्यात एक पंचम (‘प’) खरोखरच उतरला होता. तो ओढूनताणून सरळ करण्याऐवजी तिच्याच दुसऱ्या टेकमधून घेतला, आणि जोड नेमका तिच्या श्वासावर लपवला.