सुनीत मोडायचंच, तर आधी बांधायचं कशाला?

कविता वाचून झाली की कुणीतरी हमखास विचारतं : चौदा ओळी, वृत्त, यमक सगळं पाळता आणि मग स्वतःच मोडता, त्यापेक्षा सरळ मुक्तछंदात का लिहीत नाही? तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुनीत, म्हणजे इंग्रजीतलं ‘सॉनेट’, आपल्याकडे आलं तेच रूप बदलून. केशवसुतांचं १८९२ सालचं ‘मयूरासन आणि ताजमहाल’ हे मराठीतलं पहिलं सुनीत मानतात. ते त्याला ‘चतुर्दशक’ म्हणत. चौदा ओळी आणि मध्येच विचाराला मिळणारी कलाटणी बाहेरून आली, पण कवींनी त्यात आपली अक्षरगणवृत्तं, म्हणजे लघु-गुरू अक्षरांचा क्रम ठरलेली वृत्तं, ओतली. त्यातही शार्दूलविक्रीडित फार. पुढे विंदा करंदीकरांनी वृत्ताचं बंधन सोडून मुक्तसुनीतंही लिहिली. तेव्हा मोडतोड मी सुरू केलेली नाही.

शार्दूलविक्रीडिताची ओळ एकोणीस अक्षरांची. बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा, मग उरलेली सात. हे पाठ करावं लागत नाही, कारण लग्नातल्या मंगलाष्टकांनी ते आपल्या कानात कधीच बसवलंय. ‘स्वस्ति श्रीगणनायकं गजमुखं’ इथे श्वास, आणि पुढे सात अक्षरं. ‘कुर्यात् सदा मंगलम्’ मोजून बघा, तीही सातच. यतीनंतर मुठीतल्या अक्षता सुटायला तयार असतात.

आई गेल्यावर मी एक सुनीत लिहायला घेतलं. पहिली ओळ अशी आली :

आईच्या पदरात वास उरतो ओल्या मसाल्यातला

तेरा ओळी नीट झाल्या. चौदावी महिनाभर होईना. पहिली बारा अक्षरं होती :

साडी ती, घडि मोडताच हलके

(‘घडी’चा ऱ्हस्व वृत्तासाठी.) पुढच्या सात अक्षरांत मी काय काय बसवून पाहिलं! वास उडाला, वास विरला, डोळे भरले. सगळं वृत्तात चोख, आणि सगळं खोटं. मी खरंच कपाटातून ती साडी काढून घडी मोडली होती तेव्हा शब्द नव्हतेच. नाकाशी धरलेलं सुती कापड आणि डांबरगोळ्यांचा वास, एवढंच. शेवटी ओळ यतीवरच सोडली.

मुक्तछंदात हीच ओळ फक्त एक छोटी ओळ ठरली असती. तिथे कुणी पुढच्या अक्षरांची वाट पाहत नाही. इथे आधीच्या तेरा ओळींनी कानाला सवय लावलेली असते, त्यामुळे सात अक्षरांची ती शांतता मोजून सात अक्षरांची होते, आणि ती नेमकी ‘कुर्यात् सदा मंगलम्’च्या जागी पडते. म्हणून आधी बांधते, आणि तेही काटेकोर. तेरापैकी एक जरी ओळ ढिली राहिली, तर चौदावी तुटलेली वाटणार नाही, नुसती चुकलेली वाटेल. दोन ओळींचा समारोप आरंभी आणून, कलाटणी अगदी तेराव्या ओळीपर्यंत लांबवूनही मी लिहिलंय, पण त्यातली निम्मी सुनीतं फसली. तिथे बदल कवितेने मागितला नव्हता, मी लादला होता.

हे सुनीत पहिल्यांदा ऐकवलं ते मावशीला. तिने अख्ख्या खानदानाच्या लग्नांत मंगलाष्टकं म्हटलीत. डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ठेका धरून ती ऐकत होती. ‘हलके’पाशी मी थांबले. तिचं बोट मात्र थांबलं नाही. एक, दोन, तीन, सात ठोके पुरे झाले, तेव्हा तिने डोळे उघडले आणि म्हणाली, “ती निळी इरकल ना?”