चॉकलेटशिवाय ईस्टर

आज ईस्टर, शेजारच्या काकू सदरच्या चर्चमधून आल्या अन् सोसायटीतल्या १२ पोट्ट्यांसाठी आमचं एग हंट, म्हणजे लपवलेली अंडी शोधायचा खेळ. चॉकलेटचं नावच नाही, नागपूरचा एप्रिल आहे बाप्पा, बाल्कनीत ठेवलं की १० मिनिटांत चटणी! मग इतवारीतून प्लास्टिकची अंडी आणली अन् आत काय भरलं तर कंचे, स्टिकर, संत्रागोळी, खोडरबर, आणि "कूलरमध्ये पाणी भर" अशा चिठ्ठ्या (ही आयडिया माझी, पोट्टे चिडले). काकूंनी खरी अंडीपण रंगवली, कांद्याच्या सालांच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकून उकळली की मस्त विटकरी रंग येतो, हळदीने पिवळा. पण ती घरातच ठेवली, एवढ्या उन्हात उकडलेलं अंडं तासाभराच्या वर बाहेर ठेवायचं नसते.

सकाळी सातलाच उरकलं. प्रत्येकाला एक रंग वाटून दिला, म्हणजे मोठे पोट्टे सगळं लुटून नेत नाहीत अन् लहानं रडत नाहीत. तरी एक रडलीच, तिला गुलाबी पाहिजे होता.

एक हिरवं अंडं अजून सापडून नाही राहिलं, आत संत्रागोळ्या आहेत, आता मुंग्याच शोधतील बहुतेक 😄