समुद्र नसलेल्या गावच्या पोरीने मला मासळी शिकवली त्याची गोष्ट

नोव्हेंबर संपत आला की क्योतोत सगळी दुनिया लाल पानं बघायला उतरते आणि सिटी बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे आमच्यासारखी इथे शिकायला आलेली मंडळी त्या दिवसांत प्रसिद्ध देवळांच्या वाटेलाच जात नाहीत. सायकल काढायची, कामो नदीच्या कडेकडेने जायचं आणि गुपचूप घरी यायचं. तर अशाच एका रविवारी ठरलं की कुठे फिरायचं नाही, हॉस्टेलच्या कॉमन किचनमध्ये जरा पद्धतशीर जपानी जेवण करायचं. पद्धतशीर म्हणजे कप नूडल्स नाही आणि कोन्बिनी म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातली ओनिगिरी, भाताचा मुटका, तोपण नाही. भात, मिसोचं म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं सूप, भाजलेला मासा, मुळा, अंड्याची गुंडाळी, सगळं साग्रसंगीत.

मुख्य आचारी आमच्या मजल्यावरची नागानोवाली. ब्लॉगवर नाव टाकू नको म्हणाली, म्हणून नागानोवाली. आता गंमत बघा, नागानो हा प्रांत जपानच्या पार मध्यात, चहूकडे डोंगर, समुद्राचा कुठूनही संबंध नाही, आणि मी अलिबागच्या बाजूची, दारात मासळीची पाटी येणाऱ्या घरातली, आणि ती मला मासा भाजायला शिकवणार! आईला फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ हसत होती. तिसरा भिडू म्हणजे खालच्या मजल्यावरचा सोलापूरकर, केमिस्ट्रीत पीएचडी करतोय, शुद्ध शाकाहारी, अंडं तेवढं चालतं. जपानात शाकाहारी असणं म्हणजे काय हे त्याला विचारा. साधा पालक उकडलेला असतो आणि त्याच्यावर पण सुक्या माशाचा कीस भुरभुरलेला असतो.

खरेदीला आम्ही देमाचीला गेलो. देमाचियानागी स्टेशनच्या इथे ताकानो आणि कामो या दोन नद्या एकत्र येतात, मधे तिकोनी जमीन आहे आणि नदी ओलांडायला मोठमोठे दगड टाकलेत, त्यातले काही चक्क कासवाच्या आकाराचे. पोरं त्यावरून उड्या मारत असतात. इथे बसून काही खायचं असेल तर वर लक्ष ठेवा, घारी हातातलं सँडविच उचलून नेतात, तशा पाट्याच लावल्यात. पूल ओलांडला की मासुगाता नावाची छप्पर असलेली बाजारपेठ लागते, आणि तिच्या अलीकडे १८९९ पासूनचं एक मोचीचं, म्हणजे चिकट तांदळाच्या मिठाईचं दुकान आहे, फुताबा, त्याच्यासमोर बारा महिने रांग. आम्ही रांगेत नाही उभे राहिलो. नागानोवालीचं म्हणणं, आधी मासा, मग चैन.

या देमाचीची एक गोष्ट मला खूप आवडते. पुलाच्या टोकाशी एक दगड आहे, त्यावर सबा काइदोचं नाव कोरलंय. सबा काइदो, म्हणजे सबा माशाचा रस्ता, इथे संपतो. क्योतोला समुद्र नाही. तर पूर्वी वाकासाच्या खाडीवरून, ओबामा नावाच्या बंदरातून, माणसं मीठ लावलेला सबा पाठीवर लादून डोंगर चढत-उतरत सत्तरेक किलोमीटर चालत यायची आणि इथे पोचेपर्यंत मीठ बरोबर मुरलेलं असायचं. म्हणून क्योतोत सणासुदीला अजूनही सबाची सुशी खातात. सबा म्हणजे आपल्या बांगड्याचा दांडगा चुलतभाऊ, तसाच निळा-हिरवा, पाठीवर तशाच रेघा, फक्त अंगाने जास्त आणि तेल सुटेल एवढा चरबीवाला.

आणि एवढी सगळी थोर परंपरा ऐकून आम्ही बर्फाच्या ट्रेवरचं पाकीट उचललं तर त्यावर छापलेलं, नॉर्वे. मी म्हटलं हे काय? नागानोवाली शांतपणे म्हणाली, नॉर्वेचा जास्त चरबीदार असतो, स्वस्त पण असतो, अर्धा जपान हाच खातो. मग तिने एक म्हण सांगितली, शरदातला सबा सुनेला खाऊ घालू नये. वांग्याबद्दल पण हीच म्हण आहे म्हणे. इतका चविष्ट असतो की सुनेला कशाला द्या! मी आणि सोलापूरकर एकमेकांकडे बघून जे हसायला लागलो, तिला कळेना यात एवढं काय आहे. तिला काय सांगणार, आमच्याकडे जात्यावरच्या अर्ध्या ओव्या याच विषयावर आहेत. बाकी मुळा, इथल्या कुजोची कांद्याची पात, तोफू, अंडी. संध्याकाळी दुकानवाले उरलेल्या मालावर अर्ध्या किमतीचे स्टिकर लावायला निघतात, ती वेळ आम्ही बरोबर साधली, तोफू त्यातलाच.

आता किचन. आमचं किचन म्हणजे दोन गॅस, एक सिंक, आणि भिंतीवर इतक्या सूचना की वाचता वाचता भाजी शिजेल. फ्रीजमध्ये प्रत्येकाचा डबा, डब्यावर रूम नंबर. जळणारा कचरा महापालिकेच्या पिवळ्या पिशवीत, बाटल्या-डबे पारदर्शक पिशवीत. पण खरा शत्रू तो गॅस. जपानात २००८ पासून घरगुती गॅसच्या प्रत्येक बर्नरला सेन्सर सक्तीचा आहे, मधोमध एक बटण असतं, भांडं जास्त तापलं की गॅस आपोआप बारीक होतो. आमच्या गॅसवर तर भांडं नसेल तर ज्योतच राहत नाही. पापड भाजणं नाही, वांगं भाजणं नाही, भाकरी फुगवणं तर सोडाच. फोडणीला तेल जरा तापतंय म्हणेपर्यंत शेगडी पिंपिं करून मान टाकते. सुरक्षिततेचं कौतुक आहे मला, पण मोहरी तडतडण्याआधीच गॅस घाबरतो याला काय म्हणावं.

नागानोवालीला या गॅसचा काहीच त्रास नाही, कारण तिच्या स्वयंपाकात फोडणीसारखं कडकडीत काही तापवायचंच नव्हतं. तिने सुरुवात केली ती पाण्यापासून. लिटरभर पाण्यात दहाएक ग्रॅम कोंबू, म्हणजे जाड वाळलेलं समुद्री शेवाळ, आणि दोन सुके शिताके मश्रूम असं दुपारीच भिजत टाकलेलं. कोंबूवर पांढरी पूड असते, मी तो नळाखाली धरायला गेले तर तिने हातच पकडला, धुवायचं नाही, ओल्या फडक्याने नुसतं पुसायचं. सोलापूरकराने लगेच लेक्चर दिलं की ते मॅनिटॉल असतं, बुरशी नाही. आणि मग तो सुटलाच. म्हणाला, आपल्या चायनीजच्या गाडीवर जो अजिनोमोटो टाकतात ना, तो या पाण्यातून निघालाय. किकुनाए इकेदा नावाचा केमिस्ट, जन्म १८६४, तोही इथला, क्योतोचाच, पुढे तोक्योत प्रोफेसर. त्याला प्रश्न पडला की कोंबूच्या पाण्याला ही जी चव आहे ती गोड नाही, आंबट नाही, खारट नाही, कडू नाही, मग आहे काय? १९०८ साली त्याने कोंबूमधून ग्लुटामेट वेगळं काढलं, त्या चवीला उमामी म्हटलं आणि दुसऱ्याच वर्षी ती पूड बाटलीत भरून विकायला आली. आमच्या आळीतला चायनीजवाला चमच्या-चमच्याने टाकायचा आणि आई ओरडायची की ते विष आहे, खाऊ नका, ते हे! मी पातेल्यात वाकून बघितलं, फिकट चहासारखं पाणी, त्यात एक हिरवट पट्टा. बाकी काही नाही.

मग ते पातेलं अगदी मंद गॅसवर. उकळू द्यायचं नाही, कडेला बारीक बुडबुडे दिसले की कोंबू बाहेर, नाहीतर पाणी बुळबुळीत आणि कडसर होतं. क्योतोचं पाणी मऊ आहे, बिवा तलावातून कालव्याने येतं, १८९० साली तो कालवा झाला, आणि मऊ पाण्यात कोंबू चांगला उतरतो म्हणे. क्योतोवाल्यांचा सगळा स्वयंपाक या एका गोष्टीवर उभा आहे. मी चमचाभर चाखून बघितलं. पहिल्यांदा वाटलं काहीच नाही. मग गिळल्यावर मागून येते ती चव, जिभेवर बसून राहते. इथे आल्यापासून मी जपानी जेवणाला अळणी म्हणत होते, घरी फोनवरही तेच सांगायचे. अळणी नाहीये ते. आपण वरून जे घालतो ते यांनी आधीच पाण्यात घालून ठेवलेलं असतं. झेन मठांमधलं जेवण याच कोंबू-शिताकेच्या पाण्यावर चालतं, मासा अजिबात नाही, त्यामुळे सोलापूरकराची सोय आपोआप झाली.

आम्हा दोघींच्या सूपसाठी मात्र निबोशी. निबोशी म्हणजे सुकी मांदेली म्हणा ना, बोटभर चंदेरी मासे, पिशवी उघडल्या उघडल्या मला एकदम रेवदंड्याच्या बाजाराचा वास आला. नागानोवाली एकेक मासा घेऊन नखाने डोकं मोडत होती आणि पोट चिरून आतला काळा भाग काढून टाकत होती, तो राहिला की सूप कडू. हे काम मला शिकवावं लागलं नाही. दोघी समोरासमोर बसून डोकी मोडतोय, बोलतोय, बशीत चंदेरी ढीग वाढतोय, तिची आजी पण असंच करते म्हणाली. समुद्र नाही तर सुका मासा जास्तच लागणार ना. डोंगरातल्या लोकांना मासळी कळत नाही हा माझा समज तिथेच गेला.

भात आपल्याकडच्यासारखा मोकळा नाही करायचा. तांदळाचं माप गो, म्हणजे १८० मिली, धुवून अर्धा तास भिजवायचा, पाणी जेमतेम थोडं जास्त, आणि कुकर लावला की झाकण उघडायचं नाही. तांदूळ धुतलेलं पांढरं पाणी तिने टाकलं नाही, त्यातच मुळ्याच्या जाड चकत्या उकडल्या, मुळ्याचा उग्रपणा जातो. हे मात्र मी लगेच वहीत लिहून घेतलं.

अंड्याची गुंडाळी, दाशिमाकी, हा खरा बघायचा प्रकार. चौकोनी तवा, तीन अंड्यांत अर्धी वाटी ते कोंबूचं पाणी, म्हणजे मिश्रण इतकं पातळ की मला वाटलं हे कसलं जमतंय. पातळ थर ओतायचा, अर्धवट ओला असतानाच चॉपस्टिकने गुंडाळायचा, गुंडाळी एका कडेला सरकवायची, परत तेल, परत थर, तिच्याखाली पण जाऊ द्यायचा, परत गुंडाळायचा. तिचं मनगट एवढंसं हलत होतं. कापलं तेव्हा आतून पाणी पाझरत होतं आणि तरी आकार सुटला नाही.

सबाला मीठ लावून ठेवलेलं, सुटलेलं पाणी टिपलं, कातडीवर फुली मारली आणि गॅसच्या मधे जो ड्रॉवरसारखा ग्रिल असतो त्यात. ना हळद, ना तिखट, ना कोकम. माझे हात नुसते शिवशिवत होते. दहा मिनिटांत कातडी फुगून तडतडायला लागली, चरबी खाली टपटप, आणि वास असा सुटला की कॉरिडॉरमधली दारं उघडून लोक बघायला लागले.

मिसोवरून जरा वादावादी झाली. माझं म्हणणं क्योतोत आहोत तर इथलं पांढरं गोडसर मिसो घालू. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी आमटीत साखरेचा डबा उपडा करायला सांगितलाय. जपानातलं जवळजवळ निम्मं मिसो नागानोत बनतं, तिच्या घरून डबा आलेला, पिवळट, चांगलं खारट. तेच घातलं, गॅस बंद करून, गाळणीत विरघळवून, कारण मिसो उकळलं की वास उडतो. वरून तोफू आणि पात. मी दोन वाट्या प्यायले, वाद संपला.

जेवायला बसलो आणि सोलापूरकराने खिशातून पुडी काढली. शेंगदाण्याची चटणी, लालभडक. मला वाटलं आता ही चिडणार, कारण भातावर सोया सॉस ओतला तरी तिला आवडत नाही. तिने आधी बोटावर घेऊन चाखली, मग थंड तोफूच्या तुकड्यावर चिमूटभर टाकली, खाल्ली, आणि काही न बोलता पुडी स्वतःकडे ओढून घेतली. शेवटी त्याच्याच वाट्याला उरली नाही. रेसिपी मागितली तर पठ्ठ्या म्हणतो आईला विचारून सांगतो, अजून सांगतोय.

उरलेला कोंबू आणि शिताके फेकले नाहीत, बारीक चिरून सोया सॉस, मिरिन म्हणजे स्वयंपाकातली गोडसर राइस वाइन आणि थोड्या साखरेत आटवले, आठवडाभर भाताबरोबर पुरतील. माशाचे काटे कागदात गुंडाळून पिवळ्या पिशवीत. खर्चाचा हिशोब तिने येनपर्यंत केला, माझ्याकडे सुटे नव्हते तर वहीत लिहून ठेवलं.

आता पुढची पाळी माझी. ताई येतेय, तिला सुके बोंबील आणायला सांगितलेत, कांदा-टोमॅटोत करायचेत, फोडणीच्या वेळी गॅसने मान टाकू नये म्हणून इंडक्शनची शेगडी उसनी बघून ठेवलीय. सबाच्या वासाला दारं उघडली होती, बोंबलाला काय उघडेल सांगता येत नाही, म्हणून नागानोवालीने आत्ताच मजल्याच्या ग्रुपवर टाकायला एक अतिशय नम्र, आगाऊ माफीनामा लिहून दिलाय.