आमच्या रिसेप्शनची तारीख हुरड्यानं ठरवली

लग्न नोंदणी पद्धतीनं करायचं, यावर आमचं दोघांचं पहिल्यापासून एकमत होतं. घोडं अडलं ते रिसेप्शनपाशी. पुण्यातल्या एका हॉलनं ताटाला ११०० रुपये सांगितले आणि दोन्ही घरांची यादी सहाशेवर गेली. खर्चाचा प्रश्न होताच, पण मला खुपत होतं ते वेगळंच. इतक्या रिसेप्शनला गेले, त्यातल्या एकाही नवरीशी माझं धड बोलणं झालेलं नाही. रांगेत उभं राहायचं, पाकीट द्यायचं, फोटो काढायचा आणि बुफेकडे वळायचं. माझ्या माणसांना मला असं भेटायचं नव्हतं, त्यांच्या शेजारी बसून जेवायचं होतं.

माझं आजोळ मंगळवेढ्याजवळ. तिथल्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. तात्या, म्हणजे माझे आजोबा, दरवर्षी हुरड्याला बोलावतात आणि दरवर्षी कुणाला ना कुणाला सुट्टी नसते. यंदा सगळ्यांनाच तिकडे नेऊ या, असं मी म्हटलं, तेव्हा तात्यांनी पहिला प्रश्न विचारला, “माणसं किती? त्या हिशोबानं पेरावं लागंल.”

हुरड्याला मालदांडी चालते, पण गोडी गूळभेंडी या ज्वारीच्या वाणाची. दाणा चिकातून पुढे सरकलाय आणि अजून टणक झालेला नाही, अशी वेळ जेमतेम आठ-दहा दिवस असते. म्हणून तात्यांनी ऑक्टोबरच्या मध्याला एक तुकडा पेरला आणि पंधरा दिवसांनी दुसरा. इकडे विशेष विवाह कायद्याची नोटीस आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिली. नोटिशीनंतर तीस दिवस थांबावं लागतं आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न करावं लागतं. म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चपर्यंतचा काळ मोकळा होता. तात्या रोज एक कणीस चोळून बघायचे आणि संध्याकाळी फोन करायचे. एका संध्याकाळी म्हणाले, “पुढचा आठवडा धरा.” गुरुवारी नोंदणी, रविवारी हुरडा, असं ठरलं.

सगळ्यात अवघड गेलं ते सहाशेची यादी १८० वर आणणं. आईचा मुद्दा अगदी खरा होता. “मी इतक्या घरची लग्नं जेवले. त्यांना आता बोलवायचंच नाही?” यावर मला आठवडाभर उत्तर सापडलं नाही. मग तिनंच वाट काढली. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस, तर तिनं पुण्याच्या घरी मोठं हळदीकुंकू केलं, ओळखीच्या सगळ्या बायकांना बोलावलं आणि मला प्रत्येकीच्या पाया पडायला लावलं. सासूबाईंनी ठाण्याला तसंच केलं. आहेर घेणार नाही, हे आम्ही पत्रिकेतच छापलं होतं, तरी दोन मावश्या साड्या घेऊन आल्याच. त्यांना नाही म्हणवलं नाही.

रानात व्यवस्थेला मात्र मेहनत पडली. वयस्कर माणसांना जमिनीवर बसवत नाही म्हणून खुर्च्या, फिरती शौचालयं, पिण्याच्या पाण्याचे जार, पुण्याहून दोन बस. गूळभेंडीवर पाखरं तुटून पडतात. शेवटचे पंधरा दिवस मामा गोफण घेऊन माळ्यावर बसत होते.

आमची चूक झाली ती आगटीत. गुडघाभर खोल खड्डा, त्यात गोवऱ्यांचा आर, आरात खुपसलेली कणसं. भाजलेलं कणीस गरम असतानाच पोत्याच्या तुकड्यात धरून चोळायचं, सुपात पाखडायचं, मग तो हिरवागार, मऊ, वाफाळता दाणा हातावर. एका घाण्यात पाच-सहा माणसांचं भागतं. आम्ही आगट्या काढल्या होत्या दोनच. साडेअकराला पोरं भुकेली झाली, गोवऱ्या दंवानं ओलसर, धूर नाकातोंडात. थोरल्या आत्यानं पदर खोचला, गड्यांना आणखी तीन खड्डे काढायला लावले आणि तोवर ऊस, बोरं, हरभऱ्याचे डहाळे पुढे केले. तुम्ही हे करणार असाल तर तीस माणसांना एक आगटी धरा आणि गोवऱ्या चार दिवस आधी झाकून ठेवा.

मी आणि नवरा एकेका आगटीशी बसलो. ज्याला भेटायचं तो येऊन शेजारी बसे, चोळू लागे, शेंगाचटणी आणि दह्याबरोबर एक मूठ खाई आणि मग उठे. शाळेतल्या माझ्या बाई माझ्यापाशी वीस मिनिटं होत्या. सासरे, ज्यांनी आयुष्यात शेत जवळून बघितलं नव्हतं, ते तात्यांकडून चोळायला शिकले आणि तळहात लाल करून घेतले. दुपारी पंगत बसली. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी पहाटेपासून भाकऱ्या थापल्या होत्या, सोबत वांग्याची भाजी आणि हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारं उघडली तो हा मंगळवेढ्याचा मुलूख. वाढताना तात्या प्रत्येकाला सांगत होते, “मंगळवेढ्यात उपाशी उठायचं नसतंय.”

पुढच्या वर्षी मामेभावाचं लग्न आहे. मामींना हॉल हवाय. मामांनी मात्र तात्यांना विचारून ठेवलंय, गूळभेंडीचं बी किती राखलंय.