अनंत, केवडा आणि आरओचं पाणी

कुडाळला माहेरी अंगणाच्या कडेला अनंताचं झाड आहे. त्याला कुणी मुद्दाम खत घातल्याचं मला आठवत नाही. पावसाळ्यात आई रोज पाच-सहा फुलं देवाला काढते, बाकीची झाडाखाली सांडतात. जून २०२२मध्ये त्याचीच एक रुजलेली फांदी, मुळांना चिकटलेल्या तांबड्या मातीच्या हुंड्यासकट, मी पुण्यात धायरीच्या आमच्या बाल्कनीत आणली.

पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी पानं पिवळी पडायला लागली, पण पिकल्यासारखी नाही. शिरा हिरव्यागार आणि मधला भाग पिवळा, जणू कुणी हिरव्या पेनाने जाळी काढली आहे. तीही शेंड्याची कोवळी पानं. खालची जुनी पानं खुशाल हिरवी होती. एक-दोन शेंडे तर चक्क पांढरट झाले आणि कडेने करपले.

मग जो जे सांगेल ते मी घालत गेले. समोरच्या काकूंनी होमाची राख दिली, ती घातली. अंड्याची टरफलं मिक्सरमधून काढून घातली. गांडूळखत दर पंधरा दिवसांनी मूठभर. आणि पाणी? आरओच्या फिल्टरमधून जे पाणी बाहेर टाकलं जातं ते मी बादलीत धरत होते आणि सगळ्या कुंड्यांना घालत होते. पाणी वाया जात नाही याचा मला फार अभिमान होता.

दिवाळीत दीर आले. फलटणजवळ त्यांचा ऊस आहे. चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेले आणि तिथूनच म्हणाले, "वहिनी, याच्यावर केवडा पडलाय."

मला वाटलं रोगाचं नाव असेल. ते म्हणाले, चुनखडीच्या पट्ट्यात उसाची पानं अशीच केवड्यासारखी फिकट होतात. जमिनीत लोह असतं, पण पिकाला उचलता येत नाही. आम्ही हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, शेणखतात मुरवून देतो. "पण तुम्ही आधी मातीचा सामू बघा."

"भाऊजी, सामू म्हणजे?"

"तुमच्याकडं पीएच म्हणतात तो."

माझं शिक्षण रसायनशास्त्रातलं नाही, पण त्या रात्री बसून एवढं समजून घेतलं. सात म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर अल्क. हे आकडे पायऱ्यांसारखे वाटतात, पण प्रत्येक पायरी दहापट असते. सहा आणि आठ यांत शंभरपटीचा फरक. मातीतल्या लोहाचं गणित तर आणखी कडक आहे: सामू एकाने चढला की फेरिक लोहाची (मातीतलं बहुतेक लोह याच रूपात असतं) विद्राव्यता, म्हणजे पाण्यात विरघळण्याची क्षमता, सुमारे हजारपटीने घटते. आणि लोह झाडात एकदा बसलं की जुन्या पानातून नव्या पानात सहसा जात नाही, म्हणून उपासमार आधी शेंड्याला दिसते. अनंताला साधारण ५ ते ६.५ सामू मानवतो. कोकणच्या जांभ्या मातीत त्याला तो आयता मिळतो.

मोजायला आधी स्वस्तातला दोन काट्यांचा मीटर मागवला, मातीत खुपसायचा. प्रत्येक कुंडीत सात दाखवायचा. शंका आली म्हणून आमसुलाच्या आगळात बुडवला, तिथेही साडेसहा! तो आता मुलाच्या खेळण्यांत आहे. मग पेनासारखा डिजिटल मीटर घेतला. त्याच्याबरोबर ४.०१ आणि ६.८६ अशा पुड्या येतात. त्या पाण्यात विरघळवून त्यात मीटर जुळवून घ्यायचा असतो. हे दर वेळी करायला हवं, कंटाळा केला तर तो मीटरही खोटं बोलतो. कुंडीतलं एक वाटी मिश्रण, दोन वाट्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, अर्धा तास अधूनमधून ढवळायचं आणि मोजायचं.

८.१ आला. माझ्या कुंडीत छोटं फलटण झालं होतं.

आता चोर शोधायचे होते. राखेचं पाणी केलं आणि गंमत म्हणून त्यात चिमूटभर हळद टाकली, तर क्षणात कुंकू. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं हे आजीकडून ऐकलं होतं, राखेनेही तेच केलं. राखेत खरोखर तेवढा अल्क असतो, आणि मी ती दर महिन्याला घालत होते. टरफलं म्हणजे चुनखडीच, पण ती फार सावकाश विरते, तिला मोठा गुन्हेगार म्हणणार नाही. कुंडी सिमेंटची होती, तिच्या आतल्या बाजूनेही चुना झिरपतो. ती लगेच बदलली.

बोअरच्या पाण्याचा सामू ७.६ निघाला, आरओच्या टाकाऊ पाण्याचा ७.९. मला वाटलं, हे तर फार नाही, मग पाण्याचं काय एवढं? इथे मी दोन महिने चुकीच्या वाटेवर गेले. हिराकस थेट मातीवर टाकलं, आठ-दहा दिवस शेंडे जरा उजळले आणि पुन्हा होते तसे. माती सुटी करून थोडं गंधक मिसळलं, तर काहीच नाही. (गंधक स्वतः आम्ल नसतं. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, त्याला काही आठवडे लागतात, थंडीत जास्तच. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.)

शेवटी एका रविवारी तीन पातेली मांडली. एकात आरओचं प्यायचं पाणी, एकात बोअरचं, एकात टाकाऊ. प्रत्येकी एक लिटर. औषधाच्या सिरिंजने साधा पांढरा व्हिनेगर थोडा थोडा घालत सामू ५.५ होईपर्यंत मोजत गेले. प्यायच्या पाण्याला दहा-बारा थेंब पुरले. बोअरच्या पाण्याने सात मिली पचवलं. टाकाऊ पाण्याने अकरा.

म्हणजे प्रश्न आकड्याचा नव्हता, पाण्यात विरघळलेल्या, आम्ल पचवून टाकणाऱ्या बायकार्बोनेटचा होता. सामू ७.६ असूनही ते पाणी प्रत्येक वेळी कुंडीत थोडा थोडा चुना ठेवून जात होतं. पाणी उडून जायचं, चुना राहायचा. कुंडीच्या काठावर जी पांढरी रेघ धरते, चहाच्या पातेल्याला जो थर बसतो, तेच. आणि आरओ आपल्यासाठी गोड पाणी काढून घेऊन उरलेलं सगळं दीडपट घट्ट करून देतो. ते मी भक्तिभावाने झाडांना घालत होते.

मग नवं मिश्रण केलं. कुडाळहून आणलेली तांबडी माती एक भाग, धुतलेलं कोकोपीट दोन भाग, चाळलेलं पानांचं खत एक भाग, भाताचं तूस अर्धा भाग. आमच्याकडची काळी माती मुद्दाम घातली नाही. तिच्या ढेकळावर व्हिनेगरचे थेंब टाकले तर ती फसफसली, म्हणजे चुनखडी आहेच. अशा मातीत गंधक कितीही टाका, आधी ती चुनखडी ते खाते. चहाचा चोथा, कॉफीचा चोथा यांनी माती आम्ल होते असं लोक सांगतात. उकळून झालेल्या कॉफीच्या चोथ्याचा सामू मोजला, ६.७ आला. खत म्हणून घाला, पण त्याच्याकडून आम्लाची आशा नको.

नव्या मिश्रणाचा सामू ६.१ आला. त्याच मिश्रणाच्या दोन कुंड्या केल्या. दुसरीत त्याच अनंताची कलम लावली. एकीला एसीच्या नळीचं आणि पुढे पावसाचं पाणी, दुसरीला बोअरचं. पुढच्या नोव्हेंबरात पहिली ६.३वर होती, दुसरी ७.४वर, आणि दुसरीच्या शेंड्यावर जाळी दिसू लागली होती.

व्हिनेगर किंवा ढोकळ्यात घालतात ते लिंबूसत्त्व पाण्यात घालून चालत नाही का? चालतं, पण अडचण अशी की मातीतले जिवाणू ही आम्लं खाऊन टाकतात आणि बायकार्बोनेट परत येतं. मी उन्हाळ्यात नाइलाज झाला की करते, पाच लिटर पाण्याला पाव चमचा लिंबूसत्त्व. अमोनियम सल्फेट मात्र उपयोगी पडलं. त्यातल्या अमोनियमचं मातीत नायट्रेट होताना आम्ल सुटतं, त्यामुळे खतही होतं आणि सामूही खाली ओढला जातो. महिन्यातून एकदा, लिटरला एक ग्रॅम, त्याहून जास्त नाही. लोहासाठी दुकानदार ईडीटीए (लोहाला विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग) देतो, पण अल्क मातीत ते टिकत नाही. ईडीडीएचए हे तसंच दुसरं, ते विचारून घ्यायचं. ते महाग असतं, पाण्याला गडद लाल रंग येतो. जुनी पिवळी पानं हिरवी व्हायची वाट बघू नका, नवी फूट कशी येते ते बघा.

जास्वंद आणि लिंबू यांच्या कुंड्यांचा सामू ७.५ असूनही त्यांची फारशी तक्रार नाही. कढीपत्ता आणि अडेनियम बोअरच्या पाण्यावर मजेत आहेत. त्यांच्यासाठी मीटर काढतसुद्धा नाही.

बाल्कनीत आता दोनशे लिटरचा निळा ड्रम आहे, छताच्या पन्हळीला जोडलेला, डासांसाठी वर जाळी बांधलेली. फेब्रुवारीपर्यंत पुरतो. टाकाऊ पाण्याने फरशी पुसते.

गेल्या जुलैत पहिल्यांदा एकाच दिवशी तीन फुलं आली. आईला फोटो पाठवला, तर तिचा उलट फोन: "अगो, बरा दिसता. पण त्याका तू घालतंस काय?"

मी म्हटलं, "पावसाचं पाणी."

"मगे? आणि काय घालूचा असता?"