काउंट वाढवून पाठवा

सूत तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुना टाकून लोक निघून जातात. अहवाल हाती पडेपर्यंत दोन्ही पक्ष समोर बसून राहिले, असे क्वचितच घडते. मे महिन्यातील त्या दुपारी मात्र टॉवेलचे एक तरुण कारखानदार आणि त्यांना सूत पुरवणारे व्यापारी एकाच बाकावर तोंडे फिरवून बसले होते. टॉवेल हलका येतो, या ग्राहकाच्या तक्रारीवरून कारखानदारांनी ‘काउंट वाढवून पाठवा’ असा संदेश धाडला; व्यापाऱ्यांनी २/२० (२० काउंटचे दोन पदर एकत्र पिळलेले) ऐवजी २/२४ चे सूत पाठवले, आणि नवा टॉवेल पहिल्यापेक्षाही हलका निघाला.

सुती धाग्याचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लच्छ्या बसतात तो आकडा. त्यामुळे आकडा चढला की धागा बारीक होतो. आम्ही दीड यार्ड घेराच्या फिरकीवर ८० फेरे देऊन १२० यार्डांची छोटी लच्छी, म्हणजे ८४० चा सातवा हिस्सा, काढतो आणि ६४.८ ला तिच्या ग्रॅममधील वजनाने भागतो. हिशेब शाळकरी आहे, कस लागतो तो वजनापूर्वी. सोलापूरच्या उन्हाळ्यात कोरडे पडलेले सूत तसेच तोलले, तर ते हलके भरते आणि काउंट खोटाच चढा दिसतो. म्हणून २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता राखलेल्या खोलीत, वजन स्थिरावेपर्यंत, ते ठेवावेच लागते. ही आमची चालढकल आहे, असा बहुतेक कारखानदारांचा पक्का समज असतो.

लच्छी साडेपाच ग्रॅमच्या आसपास भरली; भागाकार बाराच्या किंचित खाली आला. दोन पदरी २४ चा धागा १२ च्या हिशेबात धरतात, आणि पिळाने लांबी किंचित आटते. म्हणजे सूत लेबलबरहुकूम होते.

कारखानदार पूर्वी पॉलिस्टरच्या व्यवसायात होते. तेथे डेनियर चालतो, म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन, आणि आकडा वाढला की धागा जाड होतो. त्यांना अडाणी ठरवणे मला पटत नाही. चादरीच्या ‘थ्रेड काउंट’मध्ये आकडा वाढला की वीण दाट होते, डेंग्यूत प्लेटलेटचा काउंट वाढला की घरचे निर्धास्त होतात, पण पांढऱ्या पेशींचा वाढला की डॉक्टर जंतुसंसर्ग शोधू लागतात. टेक्सच्या पद्धतीत १००० मीटरचे वजन सरळ ग्रॅममध्ये सांगता येते, पण आमच्या बाजारात टेक्समध्ये सूत मागणारा गिऱ्हाईक मला अजून भेटलेला नाही. व्यापाऱ्यांना मात्र टॉवेलचे वजन वाढवायचे आहे की धागा बारीक हवा आहे, एवढे फोनवर विचारता आले असते. पोती रवाना करण्याची घाई त्यांना नडली.

संदेशातील शब्द अहवालाच्या शेऱ्यात उतरवावेत, असा व्यापाऱ्यांचा आग्रह होता, आणि ‘सूत मागणीप्रमाणे नाही’ असे लिहावे, असा कारखानदारांचा. प्रयोगशाळा धागा तपासते, मागणी नव्हे. मी ‘लेबलप्रमाणे’ एवढेच लिहिले. न उघडलेली पोती व्यापाऱ्यांनी परत नेली. विणून झालेल्या टॉवेलांचा तोटा कोणी सोसायचा, यावर दोघेही माझ्या त्या एकाच शब्दाचा आधार घेऊन अजून भांडत आहेत.